समोरचीचं बरोबर ऐकू येतं

बाथरूममधला नळ चालू राहिला होता, बादली भरून पाणी बाहेर वाहायला लागलं होतं, आणि लायब्ररीबाईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात बुडालेले होते.

"अहो, जरा नळ बंद करा," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"बघू," बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं.

"बघू काय? पाणी वाहतंय."

"बरोबर आहे."

"सगळी फरशी भरली. उठा ना."

"तुला वाटेल तसं कर," नवरा म्हणाला, आणि त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

नवरा म्हणजे चीफ. युद्धनौकेच्या इंजिन रूमचा मुख्य मिस्त्री. बोटीवर त्याला सगळे चीफ म्हणत, म्हणून इमारतीतही तो चीफच झाला होता. बोट दुरुस्तीसाठी गोदीत घेतल्यामुळे गेले दोन महिने तो रोज संध्याकाळी घरी येत होता. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. समुद्रावरचे महिने वजा केले, तर प्रत्यक्ष संसार जेमतेम सहा वर्षांचा भरला असता. एवढ्या काळात बाईंना कळून चुकलं होतं की नवऱ्याजवळ बायकोसाठी तीनच उत्तरं आहेत. 'बघू', 'बरोबर आहे' आणि 'तुला वाटेल तसं कर'. या तीन खुंट्यांवर त्याने अख्खा संसार टांगला होता. तो टीव्ही मोठ्याने लावायचा, फोनवर ओरडून बोलायचा. बाई म्हणायच्या, आरमारी सवय आहे, जायची नाही.

पाणी बाथरूमच्या उंबऱ्यावरून बाहेरच्या खोलीत आलं, चीफच्या खुर्चीला वळसा घालून दाराखालून जिन्याच्या कठड्यापर्यंत गेलं. बाई हात झटकत उठणार, एवढ्यात समोरच्या घराचं दार उघडल्याचा आवाज झाला, आणि बंद दारापलीकडून, अगदी साध्या बोलण्याच्या सुरात, कुणीतरी म्हणालं, "चीफ, तुमच्या दारातून पाणी येतंय."

चीफ ताडकन उठला. "अरे बापरे, नळ राहिला वाटतं," असं म्हणत बाथरूमकडे धावला. नळ बंद केला, दार उघडलं आणि समोरचीला म्हणाला, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. नाहीतर घरात कुणी सांगणारं नाही."

पिठाचे हात घेऊन बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या पोटात त्या क्षणी जी काडी पेटली, ती पुढे बरेच दिवस विझली नाही.

समोरची दोन महिन्यांपूर्वी राहायला आली होती. एकटीच होती. फेरीबोटींच्या धक्क्यावर घोषणा करायची नोकरी. 'पाच नंबरची बोट दहा मिनिटं उशिरा सुटेल' वगैरे. तिचा आवाज इतका जाड आणि खोल होता, की टेलिफोनवर लोक तिला 'साहेब' म्हणत आणि ती त्यांना दुरुस्तही करत नसे. बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. उलट बाईंचा स्वतःचा आवाज मुळातच बारीक, सुईच्या टोकासारखा. त्यात बारा वर्षं शाळेच्या वाचनालयात 'हळू बोला' म्हणत काढलेली. त्या चिडल्या तरी समोरच्याला वाटायचं, काहीतरी गुपित सांगतायत.

भोंगा दिसायला रूपवान असती, तर बाईंनी समजून घेतलं असतं. निदान कारण तरी सापडलं असतं. पण ती चारचौघींसारखीच होती, बाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठीच असावी, आणि पायात पुरुषी बूट घालायची.

त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

"ताई, पुरुष असेच असतात," बहीण म्हणाली. "आमचेही ऐकत नाहीत."

"तुझे कुणाचं ऐकतात?"

"कुणाचंच नाही."

"मग तू सुखी आहेस," बाई म्हणाल्या. "आमचे एकीचं ऐकतात."

बहीण म्हणाली, "ताई, आधी खात्री करून घे. उगाच संशयाचं भूत नको."

बाई पद्धतशीर माणूस. हजारो पुस्तकं नंबराप्रमाणे लावणाऱ्या बाईला खात्री कशी करायची हे सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी नवरा पाठमोरा बसून बूट पुसत होता. बाई मागे उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या माहेरची सगळी माणसं परवा येतायत. महिनाभर राहणार आहेत."

"बरोबर आहे," चीफ म्हणाला.

जगातला कुठलाही नवरा हे वाक्य ऐकून हातातला ब्रश खाली ठेवेल. चीफने बुटाच्या टाचेला पॉलिश लावलं.

बाई एक पाऊल पुढे सरकल्या. "मी शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांबरोबर पळून जायचं म्हणतेय."

"तुला वाटेल तसं कर."

एवढ्यात जिन्यात बूट वाजले आणि भोंग्याचा आवाज आला, "चीफ, पेचकस आहे का घरात? माझ्या खिडकीची कडी निघाली." चीफ एका पायात बूट घालून उठला, पेचकस घेतला आणि गेला. कडी बसवायला दहा मिनिटं लागतात. तो पाऊण तासाने परत आला. मधल्या वेळात समोरच्या बंद दाराआडून हसण्याचा आवाज येत होता. नवऱ्याचं हसणं. पोटातून, खदखदून. ते हसणं आपण शेवटचं कधी ऐकलं, हे बाई आठवत बसल्या. आठवेना. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

"एवढं काय हसत होतात?" तो आल्यावर त्यांनी समोर उभं राहून विचारलं.

चीफने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. "धक्क्यावरच्या गमती सांगत होती. तिच्याशी बोलायला बरं वाटतं गं. स्पष्ट बोलते."

स्पष्ट. बाईंनी तो शब्द रात्रभर चघळला.

सकाळी उठून त्यांनी अबोला धरला. हे शस्त्र त्यांच्या आईने वापरलं होतं, आजीने वापरलं होतं, आणि दोघींचे नवरे तिसऱ्या दिवशी शरण आले होते. पण अबोल्याचं एक आहे. तो समोरच्याला कळावा लागतो. पहिल्या दिवशी बाईंनी ताट टेबलावर आदळलं, चीफ म्हणाला, "आज भूकही चांगली लागलीय." दुसऱ्या दिवशी त्या तोंड फिरवून बसल्या; चीफने त्यांच्या पाठीला विचारलं, "मान अवघडली का?" तिसऱ्या दिवशी मात्र तो अधूनमधून त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायला लागला. चौथ्या दिवशी त्याचं जेवणावरून लक्ष उडालं. मनातलं पाप वर येतंय, असं बाईंना वाटलं. त्यांनी अबोला आणखी घट्ट केला.

पाचव्या दिवशी सकाळी त्या कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडत होत्या. खालच्या वळणावर भोंगा आणि चीफ उभे होते. भोंगा कुजबुजत होती. आता ज्या बाईच्या साध्या बोलण्याने धक्क्यावरची माणसं बोट चुकवत नाहीत, तिची कुजबुज ती काय असणार. तिन्ही मजल्यांना ऐकू गेली.

"बरोबर साडेबाराला. घड्याळाच्या दुकानावर, पहिला मजला. मी येते बरोबर, काळजी करू नका. वहिनींना कळता कामा नये ना? नाही कळणार."

बाईंनी डबा आत घेतला आणि त्यावर झाकण ठेवून त्या झाकणावर बसल्या.

बारा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा काढली. मुख्याध्यापिकांनी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, "घरगुती." आवाज नेहमीसारखा बारीक होता, पण चेहरा बघून मुख्याध्यापिकांनी पुढचा प्रश्न गिळला.

घड्याळाचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. शेजारी अरुंद जिना होता. जिन्याच्या तोंडाशी बऱ्याच पाट्या होत्या, शिवणवर्ग, दात, टायपिंग, आणखी कसलं कसलं. पण पाट्या वाचायच्या मनःस्थितीत बाई नव्हत्या. पहिल्या मजल्यावरचं एकच दार अर्धवट उघडं होतं. आतून भोंग्याचे बूट दिसले. बाई दार ढकलून आत गेल्या.

छोटी खोली होती. भिंतीशी चार खुर्च्या. त्यातल्या एकीवर भोंगा मासिक वाचत बसलेली. समोर टेबलापाशी पांढऱ्या कोटातले एक वयस्क गृहस्थ एका यंत्राची बटणं फिरवत होते. आणि त्यांच्यापलीकडे कपाटाएवढी एक बंद पेटी. पेटीला काचेची लहानशी खिडकी. खिडकीत चीफ बसलेला, कानांवर जाडजूड हेडफोन, हातात वायर लावलेलं बटण, डोळे मिटलेले. एखादा माणूस ध्यान करत असावा तसा.

तो तिथे काय करतोय, हे विचारण्याइतकं भान बाईंना राहिलं नव्हतं. त्या भोंग्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या. सगळं बाहेर आलं. नळ, पेचकस, कडी, हसणं, स्पष्ट बोलणं. सुई होती ती शिट्टी झाली. खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक जिन्यापर्यंत येऊन डोकावून गेलं.

पेटीतला चीफ शांत होता. डोळे मिटलेले. जणू बायको दुसऱ्या गावात ओरडत होती.

भोंग्याने मासिक मिटलं. "वहिनी, आधी बसा पाहू," ती म्हणाली.

पेटीत चीफने लगेच बटण दाबलं. यंत्रावर हिरवा दिवा लागला.

गृहस्थ वैतागून वळले. "बोलू नका हो. खोटी खूण झाली कागदावर."

"मी इतकं ओरडले, तेव्हा दिवा लागला नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "ती 'बसा' म्हणाली, तर लागला. आता तुम्हीच सांगा, आणखी काय पुरावा पाहिजे."

गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, बाईंकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही यांच्या मिसेस का?"

"आहे अजून."

"मग या इकडे. तुम्हीच यायला हवं होतं खरं तर."

त्यांनी यंत्रातून निघालेला कागद टेबलावर पसरला. कागदावर एक रेघ होती. डाव्या बाजूला ती बऱ्यापैकी सरळ चालली होती, आणि मध्येच, कडा संपावा तशी, खाली कोसळली होती.

"डावीकडे जाड आवाज," ते म्हणाले. "ढोल, ट्रक, पुरुषांची बोलणी. हे यांना ठीक ऐकू येतं. भिंतीतूनही जाड आवाजच झिरपतो, म्हणून या ताईंचं 'बसा' आत पोचलं. आता उजवीकडे बघा. बारीक आवाज. पाखरं, घड्याळाचा गजर, लहान मुलं." त्यांनी पेन्सिल रेघेच्या तळाशी टेकवली. "आणि इथे तुम्ही."

बाई पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिल्या. स्वतःचा पत्ता एवढा स्पष्टपणे त्यांना कुणी दाखवला नव्हता.

"इंजिन रूममध्ये वर्षानुवर्षं काढली की असं होतं," गृहस्थ म्हणाले. "एकदम नाही, हळूहळू. माणसाला स्वतःला कळतही नाही. त्याला वाटतं, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. बोटीवर कान झाकायची साधनं देतात, पण ही मंडळी लावत नाहीत."

"आणि ही?" बाईंनी भोंग्याकडे न बघता विचारलं. "हिचं इथे काय काम?"

उत्तर भोंग्यानेच दिलं. "वहिनी, हे परवा एकटे आले होते. इथे पेशंटला नाव पुकारून बोलावतात. बाहेरची मुलगी चांगली नाजूक आवाजात पुकारते. हे दोन तास बसले, नाव तीनदा पुकारलं, आणि शेवटी दवाखाना बंद झाला म्हणून घरी आले. आज मी यांचं नाव ऐकायला आलेय."

गृहस्थांनी पेटीचं दार उघडलं. चीफ बाहेर आला, बायकोला पाहिलं आणि जागच्या जागी थबकला. शत्रूचं जहाज बघूनही तो इतका पांढरा पडला नसता.

बाई त्याच्या अगदी जवळ, तोंडासमोर गेल्या. "मला का नाही सांगितलंत?"

त्याने ओठ वाचले. मग खाली बघत म्हणाला, "बोटीवर कळलं तर खाली उतरवतील. ऑफिसात कागद सांभाळायला बसवतील. मशीन कानाने कळते मला. काय दुखतंय ते ती सांगते. म्हणून तर कानावर काही घातलं नाही कधी. गोदीत यायच्या आधी एक बेअरिंग किंचाळत होतं. सगळ्यांना ऐकू आलं. मला नाही. शेजारच्या माणसाने हात धरून दाखवलं. तरी म्हटलं, असू दे, चालतंय तोवर चालवू."

"मग आज कसे आलात?"

चीफने भोंग्याकडे, गृहस्थांकडे आणि मग भिंतीकडे पाहिलं. "चार दिवस झाले, तुझा आवाज पार गेला. आधी निदान काहीतरी यायचं, पुसट, पाखरासारखं. शब्द कळायचे नाहीत, पण तू बोलतेयस एवढं कळायचं. मी आपलं अंदाजाने काहीतरी म्हणायचो. सोमवारपासून तेही नाही. तुझ्या तोंडाकडे बघत बसायचो. म्हटलं, आता संपलं. बेअरिंग गेलं ते गेलं, पण हे..."

सोमवारी बाईंनी अबोला धरला होता.

खरं सांगावं, तर नवरा पुन्हा म्हणेल, कान ठीकच आहेत, चला घरी. नाही सांगावं, तर जन्मभर पोटात राहील. बाईंनी गृहस्थांना विचारलं, "सोमवारनंतर एकदम जास्त बिघडलं असेल का?"

"एकदम असं होत नाही," गृहस्थ म्हणाले. "घरात काहीतरी वेगळं झालं असेल."

"असेल," बाई म्हणाल्या, आणि रुमाल शोधायला पर्समध्ये तोंड घातलं. भोंग्याने काय ते ओळखलं असावं. ती अचानक मासिक उलटं धरून वाचायला लागली.

पुढच्या आठवड्यात चीफने बोटीवर स्वतःच सांगितलं. अंगावरची कातडी सोलून द्यावी तसा चेहरा करून गेला आणि गोंधळलेला परत आला. त्याला कागदांवर बसवलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या कार्यशाळेत नव्या खलाशांना इंजिन शिकवायला नेमलं होतं, आणि पहिला धडा होता, कान झाकल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. "ज्याने स्वतः कधी झाकले नाहीत, त्यानेच सांगायचं," तो कुरकुरला. पण कार्यशाळेत पहिल्याच दिवशी त्याने एकाला उघड्या कानांनी पकडलं आणि असं झापलं, की साहेब खिडकीतून बघायला आले.

कानातली यंत्रं तयार व्हायला पंधरा दिवस लागणार होते. गृहस्थांनी बाईंना बजावलं होतं, यंत्रं आली तरी तो झोपताना, आंघोळीला ती काढणारच. तेव्हा समोर या, सावकाश बोला, आवाज गळ्यातून नको, छातीतून खाली उतरवा. बाईंनी दोन दिवस स्वतःच प्रयत्न केला. नुसता खोकला आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान खाली घालून समोरच्या दाराची कडी वाजवली.

"मला तुमच्यासारखं बोलायला शिकवाल का?"

भोंगा दारातून बाजूला झाली. "या. बूट काढू नका. पाय घट्ट रोवून उभं राहावं लागतं."

रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास शिकवणी चालली. पोटावर हात ठेवून बाई घोषणा करायच्या, 'पाच नंबरची बोट दहा मिनिटं उशिरा सुटेल.' पहिल्या आठवड्यात ती बोट बुडाल्यासारखी वाटायची. दुसऱ्या आठवड्यात मात्र बाईंच्या छातीतून एक असा आवाज निघाला, की त्यांनीच दचकून मागे वळून पाहिलं. भोंगा समाधानाने म्हणाली, "आता घरी सराव करा. घरातलीच वाक्यं घ्या."

ज्या दिवशी यंत्रं मिळाली, त्या दिवशी चीफ कार्यशाळेतून दोन तास आधी निघाला. दवाखान्यात यंत्रं कानात बसवली आणि तो रस्त्यावर आला तेव्हा जग भलतंच बडबडं झालं होतं. चपला घासत होत्या. कागद करकरत होते. झाडावर खरंच पाखरं होती. बायकोचा आवाज ऐकायचा म्हणून तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. दारापाशी किल्ली काढली, आणि आतून आवाज आला.

पुरुषाचा. जाड, खोल, सावकाश.

"जवळ बसा," तो आवाज म्हणत होता. "माझ्याकडे बघा. हं, असं. आता कसं वाटतंय?"

चीफने कान दाराला लावला. आतून तोच आवाज आणखी मायेने म्हणाला, "जेवायला काय करू या आज?"

त्याने दार उघडलं. स्वयंपाकघरात बायको एकटी उभी होती, पोटावर हात ठेवून, गाल लालबुंद. त्याला बघून दचकली आणि तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "लवकर आलात?"

तो आवाज त्याला लख्ख ऐकू आला, एकेक अक्षर. ज्याच्यासाठी धावत आला होता, तोच. पण तो आनंद घ्यायला चीफला फुरसत नव्हती. त्याने दारामागे पाहिलं. गॅलरीत डोकावला. कपाट उघडलं, सहज उघडल्यासारखं करून. मग बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकून पलंगाखाली पाहिलं. बूट बिननाडीचे होते.

"काय शोधताय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही." तो स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, घसा साफ केला आणि शक्य तितक्या सहज सुरात म्हणाला, "कुणी आलं होतं का गं?"

बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ताणलेल्या भुवया, ओढून आणलेला सहजपणा. हा चेहरा त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. नळाच्या दिवसापासून दवाखान्यापर्यंत आरशात त्यांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं.

"सांगते," त्या म्हणाल्या. "आधी चहा घ्या."

आणि उकळायला चांगला वेळ लागावा म्हणून त्यांनी भांड्यात आणखी दोन कप पाणी ओतलं.